नव्या पिढीच्या अणुभट्ट्या खरंच स्वस्त वीज देतील का?

हिशेबनीस

प्रगत अणुभट्ट्यांवर सध्या जे काही वाचायला मिळतं त्यात बहुतेक भर कूलंटवर (भट्टीतली उष्णता बाहेर नेणाऱ्या द्रवावर किंवा वायूवर) असतो. ही सोडियमवाली, ती हेलियमवाली, तिसरी वितळलेल्या मिठाची, आणि शेवटी एक वाक्य की त्यामुळे वीज स्वस्त होईल. हे "त्यामुळे" मला कुठेच नीट उलगडून दाखवलेलं दिसलं नाही म्हणून धागा काढतोय. माझं म्हणणं आधीच सांगतो, वीज कितीला पडणार हे कूलंट फारसं ठरवत नाही. पैसा किती व्याजाने उभा राहिला आणि तेच डिझाइन किती वेळा पुन्हा बांधलं, या दोन गोष्टी ठरवतात.

एक हिशेब करून बघा, आकडे उदाहरणापुरते आहेत. समजा बांधकामाला किलोवॅटमागे ६००० डॉलर लागतात, ४० वर्षांत पैसे फेडायचे आणि भट्टी ९० टक्के क्षमतेने चालते. चार वर्षांत बांधून झाली आणि व्याज ८ टक्के असेल तर नुसत्या भांडवलापोटी युनिटमागे साधारण साडेसात सेंट लागतात. आता तीच भट्टी, तेच ६००० डॉलर, तेच व्याज, पण बांधायला दहा वर्षं लागली तर हा आकडा साडेनऊच्या वर जातो कारण वीज विकायच्या आधीच कर्जावर व्याज चढत राहतं. आणि आता गंमत बघा, दहा वर्षं रखडू दे पण व्याज ३ टक्के धरा, आकडा येतो पावणेचार सेंटच्या आसपास! म्हणजे रखडलेली पण स्वस्त कर्जाची भट्टी ही वेळेवर झालेल्या महाग कर्जाच्या भट्टीच्या निम्म्या भावात वीज देते. यात कूलंट कुठला हे आपण विचारलंसुद्धा नाही.

याच्या शेजारी इंधनाचा खर्च ठेवा. नेहमीच्या पाण्यावरच्या भट्टीत तयार इंधनाचा खर्च युनिटमागे अर्धा-पाऊण सेंट असतो आणि त्यातही कच्च्या युरेनियमचा वाटा त्याचा एक तुकडा. तेव्हा "आमची भट्टी युरेनियम कितीतरी पट कमी खाते" हा मुद्दा भौतिकशास्त्र म्हणून सुंदर आहे पण वीजबिलात तो जेमतेम दिसतो. फास्ट ब्रीडरची (वापरते त्याहून जास्त इंधन तयार करणारी भट्टी, बहुतेक सोडियमवाली) सगळी कल्पना युरेनियम दुर्मिळ आणि महाग होणार या गृहीतकावर उभी होती, ते तसं झालं नाही.

---

थोरियमप्रेमी

हिशेब बरोबर आहे पण तुम्ही ६००० डॉलर सगळ्यांना सारखेच धरलेत तिथेच घोळ आहे. कूलंट बदलला की तो ६००० चा आकडाच बदलतो ना. पाण्याच्या बहुतेक भट्ट्यांत पाणी उकळू नये म्हणून दीडशे बारच्या वर दाब ठेवावा लागतो, त्यासाठी जाडजूड पोलादी भांडं लागतं, ते घडवू शकणारे कारखाने जगात मोजके, आणि भांडं फुटलं तर वाफ कुठे मावेल म्हणून वर अवाढव्य काँक्रीटची इमारत. वितळलेल्या मिठाला यातलं काही लागत नाही, दाब जवळपास हवेइतकाच. अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेने १९६५ ते १९६९ मिठाची छोटी प्रायोगिक भट्टी चालवून दाखवलीय, ही कागदावरची कल्पना नाही. पोलाद आणि काँक्रीट कमी लागलं तर ते वाचलेले पैसे खरेच वाचलेले असतात, व्याज काहीही असो.

---

हिशेबनीस

@थोरियमप्रेमी, दाबाचा मुद्दा मान्यच आहे. पण मग सोडियमचं काय झालं ते बघूया, कारण सोडियमही कमी दाबावरच चालतो, ८८३ अंशांपर्यंत उकळतच नाही, आणि त्याचा प्रत्यक्ष अनुभव दशकांचा आहे.

सोडियम पाण्याला लागला की पेट घेतो. म्हणून भट्टीतला किरणोत्सारी सोडियम आणि वाफ बनवणारं पाणी यांच्या मध्ये सोडियमचंच अजून एक चक्र घालावं लागतं, त्याचे वेगळे पंप, वेगळे पाइप, वेगळे हीट एक्स्चेंजर. सोडियम अपारदर्शक, म्हणजे आत काय चाललंय ते डोळ्याने दिसत नाही, साधी तपासणी करायला सुद्धा खास उपकरणं. सगळे पाइप सतत गरम ठेवायचे नाहीतर आतल्या आत गोठतो. भांड्यावर वाचवलेला पैसा इथे निघून जातो. फ्रान्सची सुपरफिनिक्स १२०० मेगावॅटची होती, १९८६ ला ग्रिडला जोडली, १९९७ ला बंद करायचं ठरलं, आणि त्यानंतर आतला सुमारे ५५०० टन सोडियम निष्क्रिय करून काँक्रीटमध्ये बंद करण्यात वर्षानुवर्षं गेली. जपानची मोन्जू १९९४ मध्ये सुरू झाली, डिसेंबर १९९५ ला सोडियम गळून आग लागली, मग सुरू-बंद करत २०१६ ला कायमची मोडीत. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या फास्ट ब्रीडरचं बांधकाम २००४ ला सुरू झालं आणि गाभा भरायला सुरुवात व्हायला मार्च २०२४ उजाडला. वरच्या हिशेबात वीस वर्षं घालून बघा काय होतं ते.

रशियाने मात्र हे जमवलंय हेही सांगायला हवं. सोडियमवरची बीएन-६०० ही १९८० पासून चालतेय, बीएन-८०० २०१६ पासून. पण तोच रशिया बाहेरच्या देशांना विकतो ती पाण्यावरची व्हीव्हीईआर. इतका अनुभव असलेला विक्रेता स्वतः काय विकायला काढतो यावरून मी तरी बराच अंदाज बांधतो.

---

एनडीटीवाला

मी बरीच वर्षं प्रेशर व्हेसल आणि पाइपिंगच्या क्वालिटीमध्ये काढली, त्यातली काही अणुऊर्जेच्या ऑर्डरवर, त्यामुळे पैसा नेमका कुठे जातो ते जवळून बघितलंय ते लिहितो.

एक नोझल (पाइप जोडायचं तोंड) भांड्याला वेल्ड करायचंय. साध्या रिफायनरीच्या कामात आणि न्यूक्लिअर कामात पोलाद बऱ्याचदा जवळपास तेच असतं, वेल्डरही तोच असू शकतो. फरक असा की न्यूक्लिअरमध्ये त्या पोलादाचा हीट नंबर, इलेक्ट्रोडच्या पाकिटाचा बॅच नंबर, इलेक्ट्रोड ओव्हनमधून किती वाजता काढले, प्रीहीट किती होतं, वेल्डरचा स्टॅम्प, प्रत्येक पासानंतरची तपासणी हे सगळं कागदावर आणि प्रत्येक कागदावर दोन-तीन सह्या. मध्ये होल्ड पॉइंट येतो, म्हणजे ग्राहकाचा किंवा सरकारी इन्स्पेक्टर येऊन बघेपर्यंत पुढचं काम करायचंच नाही. तो संध्याकाळी येणार असेल तर फिटर, वेल्डर, क्रेनवाला सगळे बसून, पगार चालू, प्रीहीटचा गॅससुद्धा चालू. वेल्डच्या एक्स-रे फिल्ममध्ये एक छोटा स्लॅग (अडकलेला मळ) दिसला की एनसीआर, म्हणजे दोषाची अधिकृत नोंद, निघते, ती डिझाइनवाल्यांकडे जाते, ते रिपेअरची पद्धत लिहून पाठवतात, ती मंजूर होते, मग खोदून परत वेल्ड. दोन तासांचं काम, पंधरवडा सहज जातो. हे चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, भट्टीचं भांडं आहे, हे व्हायलाच हवं. पण मुद्दा हा की खर्च पोलादाचा नाही, थांबण्याचा आहे.

आणि पहिल्याच डिझाइनला हे सगळ्यात जास्त होतं कारण ड्रॉइंग अजून बदलत असतात. दहाव्या नोझलला एनसीआर जवळपास निघतच नाही, माणसांचा हात बसलेला असतो, इन्स्पेक्टरला काय बघायचं ते माहीत असतं. म्हणून @हिशेबनीस यांचा "पुन्हा पुन्हा बांधणे" हा मुद्दा मला मनापासून पटतो. फक्त एक जोड, पुन्हा बांधताना माणसं तीच हवीत. मधे पाच वर्षं ऑर्डर नसली की सगळे पांगतात आणि दुसरी भट्टी परत पहिलीच होऊन बसते.

---

रिकामी पाटी

सगळे प्रतिसाद वाचतेय, छान चाललाय धागा. एक बेसिक प्रश्न, मग छोट्या भट्ट्या कारखान्यात बनवून आणल्या तर हा थांबण्याचा खर्च जाणार नाही का? एसएमआरचं (छोट्या मॉड्यूलर भट्ट्यांचं) सगळं म्हणणं तेच आहे ना? छोटी म्हणजे स्वस्त असं मी तरी समजत होते.

---

हिशेबनीस

@रिकामी पाटी, प्रश्न अजिबात बेसिक नाहीये, सगळा वाद तिथेच आहे.

छोटी भट्टी एकूण किमतीला स्वस्त असते, किलोवॅटमागे नाही. प्रक्रिया उद्योगात एक जुना ठोकताळा आहे, यंत्रणेचा आकार बदलला की खर्च त्याच्या ०.६ व्या घाताने बदलतो. म्हणजे १२०० ऐवजी ३०० मेगावॅटची भट्टी बांधली, पाव आकार, तर खर्च पाव होत नाही, साधारण ४३-४४ टक्के होतो. किलोवॅटमागे धरलं तर पावणेदोनपट महाग! कारण उघड आहे, कंट्रोल रूम एकच लागते, सुरक्षारक्षक तेवढेच लागतात, परवान्याची कागदपत्रं तेवढीच.

आता ही पावणेदोनपट उतरवायची कशी, तर पुन्हा पुन्हा बांधून. संख्या दुप्पट झाली की दरवेळी खर्च १० टक्के उतरतो असं धरलं तर मोठ्या भट्टीच्या बरोबरीला यायला जवळपास चाळीस भट्ट्या लागतात. २० टक्के उतरला तर सहा. सहा आणि चाळीस! या एका आकड्यावर सगळं अवलंबून आहे आणि तो आकडा भट्टी न बांधता कळत नाही. विमानं, सौर पॅनेल यांचे मोठे आकडे घेऊन लोक सहाची बाजू मांडतात, पण सौर पॅनेल कोट्यवधींनी बनतात आणि भट्ट्या डझनांनी.

नूस्केल या छोट्या भट्ट्यांच्या अमेरिकन कंपनीचं उदाहरण याच जागी बसतं. आयडाहोमधला प्रकल्प, युटा आणि आसपासच्या नगरपालिकांची वीज संस्था ग्राहक. आधी बारा मॉड्यूल ठरले होते, मग सहावर आले, ४६२ मेगावॅट. जानेवारी २०२३ ला त्यांनी विजेचा अंदाज युनिटमागे ५.८ सेंटवरून ८.९ वर नेला, एकूण खर्च ५.३ अब्जांवरून ९.३ अब्ज डॉलर. म्हणजे किलोवॅटमागे वीस हजार डॉलर, आणि तो ८.९ चा भाव सरकारी सवलत वजा करून होता! कारणं काय दिली तर पोलादी प्लेट, पाइप, तांब्याची वायर महागली आणि व्याजदर वाढले. नोव्हेंबर २०२३ ला प्रकल्प रद्द. भट्टीच्या डिझाइनमध्ये तांत्रिक दोष निघाला म्हणून नाही, पुरेशा नगरपालिका वीज घ्यायला तयार झाल्या नाहीत म्हणून.

आणि कारखान्यात बनवलं की प्रश्न सुटतो असंही नाही. अमेरिकेतल्या व्होग्टल केंद्राच्या मोठ्या एपी१००० भट्ट्यासुद्धा मॉड्यूलर म्हणूनच विकल्या होत्या. लुइझियानातल्या कारखान्यातून मॉड्यूल उशिरा आणि दोषांसकट आले आणि साइटवर परत दुरुस्त करत बसावं लागलं. १४ अब्ज डॉलरचा अंदाज तीस अब्जांच्या पलीकडे गेला, दोन्ही युनिट सुरू व्हायला २०२३ आणि २०२४ उजाडलं.

---

निशिगंध

हिशेबनीस, व्याजाचा मुद्दा तुम्ही मांडलात पण अर्धाच. ३ टक्क्यांचं कर्ज आकाशातून पडत नाही. सावकार ८ किंवा १० मागतो कारण त्याला भीती असते की काम रखडेल किंवा बंद पडेल, आणि अणुभट्ट्यांच्या बाबतीत ती भीती रास्त आहे. व्याज ३ वर आणायचं म्हणजे ती जोखीम दुसऱ्या कुणीतरी डोक्यावर घ्यायची, सरकारने नाहीतर वीजग्राहकाने. जोखीम तिथेच असते, फक्त भावात दिसेनाशी होते.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाचं बघा. २००७ च्या कायद्याने वीज कंपनीला बांधकाम चालू असतानाच ग्राहकांकडून वित्तखर्च वसूल करायची मुभा मिळाली. व्ही.सी. समर इथल्या दोन भट्ट्यांवर सुमारे ९ अब्ज डॉलर खर्च झाले आणि जुलै २०१७ ला काम सोडून दिलं. लोक वर्षानुवर्षं वाढीव बिल भरत होते, वीज शून्य. घरात दोनच दिवे लावणाऱ्या माणसानेही त्यात पैसे घातलेत आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. मला हे आर्थिक प्रश्नापेक्षा जास्त काहीतरी वाटतं.

ब्रिटनने हिंकली पॉइंटच्या नव्या अणुकेंद्राला उलटं केलं, जोखीम कंपनीची, पण त्या बदल्यात २०१२ च्या किमतीने मेगावॅट-तासाला ९२.५० पौंड हा भाव ३५ वर्षं बांधून दिला. तो फार महाग पडला अशी ओरड झाली म्हणून पुढच्या साइझवेल सी केंद्राला परत ग्राहकांकडून बांधकामातच पैसे घ्यायची पद्धत. दोन्हींत भट्टी तीच, ईपीआर नावाच्या फ्रेंच डिझाइनची. तेव्हा व्याज कमी करा म्हणण्याआधी बुडाले तर कुणाचे बुडणार हे लिहायला हवं.

---

हिशेबनीस

@निशिगंध, हे फार महत्त्वाचं लिहिलंत आणि मला त्यात वाद घालायचा नाहीये. फक्त एवढंच म्हणेन की सरकार जोखीम घेणार असेल तर ती उघडपणे घ्यावी, अर्थसंकल्पात दिसावी, बिलात लपवू नये. आणि घेतलीच तर एकाच डिझाइनच्या आठ-दहा भट्ट्यांसाठी घ्यावी, चार वेगवेगळ्या डिझाइनच्या एकेका भट्टीसाठी नाही. एकेकच बांधायचं म्हणजे पहिल्या भट्टीचा वाढीव खर्च चारदा भरायचा आणि शिकलेलं कुठेच वापरायचं नाही. अमिरातीने बराकाला चार सारख्या कोरियन भट्ट्या एकापाठोपाठ बांधल्या, २०१२ ला सुरुवात आणि २०२४ पर्यंत चारही चालू, ५६०० मेगावॅट. उशीर तिथेही झाला, पण त्याच काळात सुरू झालेल्या युरोप-अमेरिकेतल्या कामांशी ताडून बघा.

---

थोरियमप्रेमी

सगळे फक्त विजेचंच का बोलताय? प्रगत भट्ट्यांचं खरं गिऱ्हाईक उष्णता घेणारं आहे. पाण्याची भट्टी ३०० अंशांच्या थोडी वर जाते, तेवढ्यात रासायनिक कारखान्याचं भागत नाही. चीनची शिदावानची हेलियम भट्टी डिसेंबर २०२३ पासून व्यावसायिक चालू आहे, हेलियम ७५० अंशांना बाहेर येतो. टेक्सासात डाऊच्या रसायन कारखान्याला ८० मेगावॅटच्या चार एक्सई-१०० हेलियम भट्ट्या वाफ आणि वीज दोन्ही देणार असा बेत आहे. तिथे स्पर्धा नैसर्गिक वायूच्या बॉयलरशी आहे, सौर पॅनेलशी नाही, आणि तिथे कूलंटला नक्की किंमत आहे.

---

एनडीटीवाला

हेलियमबद्दल एक सांगतो. कोलोरॅडोची फोर्ट सेंट व्रेन, ३३० मेगावॅट, हेलियमवालीच होती, १९७९ ते १९८९. तिचं अणूचं काम उत्तम होतं. पण हेलियम फिरवणाऱ्या सर्क्युलेटरच्या बेअरिंगना वंगण म्हणून पाणी वापरलं होतं, ते पाणी सारखं आत भट्टीत शिरायचं, मग आतला ओलावा काढायला महिनोन्महिने बंद. सगळ्या आयुष्यात ती क्षमतेच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास चालली. एका बेअरिंगने अख्खं अर्थकारण बुडवलं. हिशेबनीसांच्या गणितात ९० टक्क्यांऐवजी १५ घाला, भांडवलाचा खर्च सहापट. नवीन डिझाइनच्या कंपन्या पहिल्या दिवसापासून ९०-९५ टक्के धरतात तेव्हा मला हे बेअरिंग आठवतं.

आणि शिदावानसुद्धा, डिसेंबर २०१२ ला सुरू, म्हणजे पूर्ण व्हायला अकरा वर्षं. दोन भट्ट्या मिळून २१० मेगावॅट. चीन पाण्याच्या मोठ्या भट्ट्या याच्या निम्म्या वेळात उभ्या करतो.

---

निशिगंध

९० टक्क्यांवरून अजून एक. दुपारी सौर वीज ओसंडून वाहते तेव्हा अणुभट्टीने कमी व्हायचं की फुकट वीज द्यायची? निम्म्या वेळ चालवली तर युनिटमागे भांडवल जवळपास दुप्पट, इंधन वाचून काहीच मिळत नाही. या बाबतीत मला टेरापॉवर या अमेरिकन कंपनीची सोडियमवाली नॅट्रियम आवडते. भट्टी ३४५ मेगावॅटने सतत चालते, उष्णता मिठाच्या टाक्यांत साठते आणि भाव चढला की साडेपाच तासांपर्यंत ५०० मेगावॅट देते. शिवाय टाक्यांच्या पलीकडचं टर्बाइन वगैरे सगळं साध्या औद्योगिक दर्जाचं बांधता येतं, म्हणजे @एनडीटीवाला म्हणतात ते होल्ड पॉइंट फक्त भट्टीपुरते. कूलंट बदलल्यामुळे अर्थकारणात फरक पडल्याचं मला हे एकच पटणारं उदाहरण दिसतं.

---

रिकामी पाटी

मग नॅट्रियम अडलीय कशावर?

---

निशिगंध

इंधनावर अडली होती. तिला ५ ते २० टक्क्यांमधलं समृद्ध युरेनियम लागतं, हालेयू म्हणतात त्याला, नेहमीच्या भट्टीला ५ पर्यंत पुरतं. व्यावसायिक प्रमाणात ते रशियाच पुरवत होता, युक्रेन युद्धानंतर तो रस्ता बंद, म्हणून डिसेंबर २०२२ मध्येच दोन वर्षांचा उशीर जाहीर झाला. वायोमिंगमध्ये जून २०२४ ला बिगर-अणु भागाचं काम सुरू केलंय. इंधनवाला म्हणतो भट्ट्यांच्या ऑर्डरी दाखवा मग कारखाना काढतो, भट्टीवाला म्हणतो इंधन दाखवा मग ऑर्डर आणतो. इंधन स्वस्त असतं हे खरं, पण नसलं की बाकी सगळं भांडवल व्याज खात बसतं.

---

थोरियमप्रेमी

मिठाच्या भट्टीबद्दल माझं मत कायम आहे. चीनने गान्सूमध्ये २ मेगावॅट औष्णिक क्षमतेची चालू केलीय, तिथून पाइपांच्या गंजण्याचे खरे आकडे यायला लागले की मी परत लिहीन. @हिशेबनीस, तोपर्यंत तुम्ही कशावर लक्ष ठेवणार?

---

हिशेबनीस

डार्लिंग्टन. कॅनडात ओंटारियोत चार बीडब्ल्यूआरएक्स-३०० (प्रत्येकी ३०० मेगावॅटच्या छोट्या भट्ट्या) मंजूर झाल्यात, मे २०२५ ला, चारही मिळून २०.९ अब्ज कॅनडियन डॉलर, १२०० मेगावॅट. कूलंट साधं पाणी, इंधन नेहमीचं, ग्राहक सरकारी वीज कंपनी, जागा जुन्या अणुकेंद्राला लागून. म्हणजे वरच्या बऱ्याच अडचणी आधीच बाजूला काढल्यात आणि छोट्या आकाराची परीक्षा स्वच्छ होईल. पहिल्या युनिटला ६.१ अब्ज आणि चौघांच्या सामाईक कामाला १.६ अब्ज धरलेत, म्हणजे उरलेल्या तिघांना सरासरी ४.४. पहिल्यापेक्षा २८ टक्के कमी, आणि हे सगळं अजून कागदावर आहे. दुसऱ्या युनिटचा प्रत्यक्ष खर्च जाहीर होईल तेव्हा सहा भट्ट्या की चाळीस याचं पहिलं खरं उत्तर हातात येईल.

---

एनडीटीवाला

आणि दुसऱ्या युनिटवर वेल्डर तेच आहेत का तेही बघा.